आजीला शेवट काय सांगितलास?

पत्र (थोडं कमी करून):

ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. टीवायची परीक्षा झाली आणि सुट्टीत मैत्रिणीकडून व्हेरोनिका रॉथच्या डायव्हर्जंट कादंबरीमालिकेची तिन्ही पुस्तकं आणून वाचली. पहिली दोन एवढी आवडली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलच्या टॉर्चवर वाचत होते, इकडे लाईटचा काही भरवसा नाही. आणि तिसऱ्यात लेखिकेने नायिकेला, ट्रिसलाच मारून टाकलं! साधारण दीड हजार पानं मी ट्रिस आणि तिच्या टोबायससाठी वाचली आणि ती त्या गद्दार भावाच्या जागी जाऊन मरते, टोबायस एकटा राहतो. मला फसवल्यासारखं वाटतंय. रडूपण आलं नाही, नुसती चीड येतेय. पंधरा दिवस झाले, दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. मैत्रीण म्हणते पुस्तकच आहे ना, एवढं काय. घरात कोणाला सांगायची सोय नाही, फक्त आजीला गोष्ट माहितीये कारण तिला दिसत कमी म्हणून मी रोज संध्याकाळी रातांबे (कोकमाची फळं) फोडताना तिला मालवणीत सांगायचे, पण तिला मी शेवट वेगळा सांगितला, की ती वाचली आणि दोघांचं लग्न झालं. आजी ‘बरां झालां’ म्हणाली, नंतर काही विचारलं नाही, बहुतेक तिचा इंटरेस्ट गेला. ताई, लेखकाला असा शेवट करायचा हक्क असतो का? आणि मी यातून बाहेर कशी पडू?
– वेंगुर्ल्याची एक वाचक

उत्तर:

बाय गो, तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते पण पटकन देते, कारण मला अडकवलंय ते तुझ्या आजीवाल्या वाक्याने.

लेखकाला हक्क असतो का? असतो. मैत्रीण म्हणते एवढं काय, तर तिला म्हणू दे, प्रत्येकाला प्रत्येक पुस्तक लागतंच असं नाही. बाहेर कसं पडायचं ते आजीपाशीच आहे, म्हणून आता आजीबद्दल बोलू.

तू जे एका वाक्यात उरकलंस ना, ‘बरां झालां म्हणाली, नंतर काही विचारलं नाही, बहुतेक तिचा इंटरेस्ट गेला’, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. इंटरेस्ट गेला?? अगं जी बाई इतके दिवस रोज संध्याकाळी रातांब्याची पाटी पुढ्यात ओढून ‘मगे?’ म्हणून बसते, जिला गोष्टीतलं शिकागो कुठे ते माहीत नाही, फॅक्शन म्हणजे त्या शहरातले स्वभावाप्रमाणे पाडलेले गट, ते तू तिला वाडीतल्या भावकीची उदाहरणं देऊन समजावलं असशील, जिने दीड हजार पानं कानाने वाचली, तिचा इंटरेस्ट नेमका शेवटच्या दिवशी गेला? लग्न झालं म्हटल्यावर एरवी कुठली आजी गप्प बसते गं. लग्नात काय नेसली, त्याच्या बापाशी जमलं का, पोरंबाळं झाली का, शंभर प्रश्न विचारले असते. तिने एकही विचारला नाही. तिला कळलंय, बाय. तू खोटं सांगतेयस हे तिला त्याच मिनिटाला कळलंय असं मला अगदी ठाम वाटतं, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून तिने ‘बरां झालां’ म्हटलं.

मला हे कसं माहीत, तर मी पण एकदा असंच ‘बरं’ म्हटलंय. बीएच्या दुसऱ्या वर्षाला मी कोल्हापूरला होस्टेलला होते, परीक्षा चालू होती. एसटीडी बूथवरून घरी फोन केला की आजी कुठाय विचारायचे, पहिल्यांदा म्हणाले झोपलीय, दोन दिवसांनी परत फोन केला तर परत झोपलीय. दुपारचे चार वाजले होते. माझी आजी दुपारी चारला कधी झोपली नाही जन्मात, चारला तिचा चहा आणि तपकीर. मला तिथेच कळलं. पण पलीकडे बाबांचा आवाज इतका सांभाळून-सांभाळून येत होता की मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. पेपर झाले, आंबा घाटातून एसटीने घरी आले, पर्समध्ये तिच्यासाठी घेतलेली तपकिरीची पितळी डबी होती. माजघरातली तिची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली आणि त्या कोपऱ्यातलं सारवण ताजं. बारावं पण उरकलेलं. माझ्या भल्यासाठी केलं सगळं, ह्यात मला काहीच शंका नाही, पण त्या भल्यामुळे मला माझ्या आजीसाठी रडायला माझ्या माणसांमध्ये जागाच उरली नाही, सगळ्यांचं रडून झालं होतं. इतकी वर्षं झाली, तो राग अजून गेलेला नाही. म्हणून तुझ्यावर चिडलेय, समजून घे.

आता पुस्तकाकडे येते, कारण तुझी तक्रार मी हलक्यात घेतलेली नाही. मी तिन्ही वाचलीयत, भाचीने आणून दिली होती, पावसात बसून वाचली. पहिलं २०११ ला आलं, दुसरं २०१२ ला, तिसरं म्हणजे अलिजंट २०१३ च्या ऑक्टोबरला, आणि ते आल्यावर जगभरातल्या मुली तुझ्यासारख्याच भडकल्या होत्या, त्यामुळे तू एकटी नाहीस. तिसरं पुस्तक पहिल्या दोघांच्या तोडीचं नाही हे मलाही मान्य. पहिल्या दोन पुस्तकांत फक्त ट्रिस बोलते, तिसऱ्यात एक प्रकरण ती तर एक टोबायस, आणि दोघांचा आवाज इतका सारखा की मला चार-चारदा मागे जाऊन प्रकरणाच्या वर कोणाचं नाव आहे ते बघावं लागलं. वर दुसरा बोलणारा आणलाय म्हटल्यावर जाणत्या वाचकाला वास येतोच की एक जण जाणार आहे, मागे सांगायला कोणीतरी उरायला हवं म्हणून ही सोय केलीय. शिवाय शहराच्या कुंपणाबाहेर, तिकडे त्या जुन्या विमानतळावर, शहरावर नजर ठेवणाऱ्या ब्युरोत गेल्यावर जीन्स बिघडलेले आणि जीन्स शुद्ध असलेले असं जे सुरू होतं, त्यात पहिल्या पुस्तकातली ती धावती ट्रेन, ती उडी, ते टॅटू, सगळी मजाच हरवली. ह्या सगळ्यावर चीड, मी तुझ्यासोबत आहे.

पण तिच्या मरणावर नाही. ते मरण लेखिकेने पहिल्या पुस्तकापासून उघड्यावर ठेवलंय. ट्रिस वाढली कुठे तर दुसऱ्यासाठी स्वतःला विसरा असं शिकवणाऱ्या फॅक्शनमध्ये, आणि तिची आई पहिल्याच पुस्तकात तिला वाचवायला गोळ्यांसमोर गेली. दुसऱ्या पुस्तकात ट्रिस स्वतःहून शत्रूच्या ताब्यात जाते ते आठवतंय ना, तेव्हा ती अपराधी वाटून, जीव नकोसा झाला म्हणून गेली होती, आणि ऐन वेळी तिला कळलं की नाही, मला जगायचंय. मग तिसऱ्यात ती भावाच्या, कॅलेबच्या जागी त्या जीवघेण्या कामाला जाते तेव्हा तिला जगायचं असतं, टोबायसकडे परत यायचं असतं, आणि तरी जाते. विषारी सीरममधून जिवंत बाहेर येते आणि मग साध्या बंदुकीच्या गोळीने मरते. ती जागा वाचताना मला पुस्तक मिटून बाहेर पाऊस बघत बसावं लागलं होतं. फसवणूक म्हणजे वाचकापासून लपवणं, आणि इथे लेखिकेने काही लपवलं नाही, तुझ्या डोळ्यांदेखत सगळं घडवलं. सिनेमावाल्यांची हिंमत नाही झाली म्हण किंवा धंदा नाही झाला म्हण, २०१६ ला तिसरा सिनेमा आला तो ह्या शेवटापर्यंत पोचलाच नाही आणि पुढचा कधी निघालाच नाही, म्हणजे पडद्यावर ट्रिस अजून जिवंतच आहे. तुला तसं हवं होतं का? खरं सांग. अधांतरी सोडलेली?

आणि आता ती जागा आठव जी तू वाचलीयस पण बहुतेक रागात पुढे सरकलीस. ट्रिस गेल्यावर टोबायस आठवणी पुसणारं सीरम घेऊन त्याच्या जुन्या घरी जातो. पिऊन टाकणार, सगळं विसरणार, ती होती हेच विसरणार. आणि क्रिस्टिना येऊन त्याला थांबवते. तिचीपण मैत्रीणच गेलेली असते ना, दुःख तिलाही तेवढंच असतं, तरी ती त्याला पिऊ देत नाही.

तू आजीला ते सीरम पाजलंस, बाय. आणि आधी स्वतः प्यायलीस. म्हणून पंधरा दिवस नुसती चीड आहे आणि रडू नाही. तू त्या मुलीसाठी रडणार कशी, घरात जिच्यापाशी रडता आलं असतं तिच्यापाशी तर तू लग्नाचे लाडू वाटून बसलीस. दीड हजार पानांची सोबत करणारं एकच माणूस होतं तुझ्याकडे आणि शेवटच्या पानाला त्याचाच हात सोडलास. लेखिकेने मला फसवलं म्हणतेस, पण तिने तुझ्यावर भरवसा टाकला की ही पोरगी एवढं सोसेल. तू आजीवर तेवढापण टाकला नाहीस.

कशाला टाकला नाहीस गं? तुमच्याकडे जत्रेत दशावतार होतो ना? तुझी आजी लहानपणापासून बघत आली असणार. आड दशावतारातला तो संकासुर नाचून जातो, मग रात्रभर आख्यान, पहाटे दहीकाला. कागदावर लिहिलेली संहिता नाही, नट उभ्या-उभ्या बोलतात, आणि समोर बसलेल्या बायांना गोष्ट आधीपासून पाठ. चक्रव्यूहात अभिमन्यू मरणार हे माहीत असतं तरी थंडीत कांबळं पांघरून बसतात, पदराने डोळे पुसतात आणि पुढच्या जत्रेला परत येतात. एखाद्या नटाने आपल्या मनाने अभिमन्यूला जिवंत घरी पाठवला तर ह्याच बाया त्याला रंगमंचावरून खाली ओढतील. अशा बाईला तू ‘मग दोघांचं लग्न झालं’ सांगितलंस आणि तुला वाटलं तिला पटलं.

आणि मरण तिने गोष्टीतच पाहिलंय असं थोडंच आहे. तिच्या वयाच्या बाईने किती जणांना खळ्यातून उचलताना बघितलं असेल मोजायला बस जरा. तिला सांभाळायला निघालेली तू वीस-एकवीस वर्षांची, आणि खरं तर ती तुला सांभाळतेय, ‘बरां झालां’ म्हणून.

तर आता एकच काम. आज संध्याकाळी. उद्या नाही, सीझन संपत आलाय, पाऊस कधीही येईल आणि रातांबे गेले की ती संध्याकाळची बैठकपण मोडेल, मग तू म्हणशील बघू नंतर. पाटी घे, आजीच्या समोर बस, दोन-चार फळं फोड, हात लाल होऊ देत, आणि सरळ म्हण, ‘आजये, गोष्टीचो शेवट मिया तुका खोटो सांगितलंय. तां चेडू मेलां.’ एवढंच. मला तुझी काळजी वाटली, मला वाईट वाटलं, असलं काही लावू नकोस पुढे, तिला ते सगळं माहीत आहे. ती थोडा वेळ काही बोलणार नाही कदाचित, साल एकीकडे आणि बी एकीकडे टाकत राहील, तू पण बोलू नकोस, घाई करू नकोस. मग ती ‘मगे?’ म्हणेल. म्हणेलच.

तेव्हा सगळं सांग. एक पान गाळू नकोस. ती दारातून कशी गेली, सीरमने मेली नाही, गोळी लागली तरी हातातलं काम पुरं केलं, आणि शेवटी तिची आई तिला न्यायला आली, ते तर सांगच, सावकाश सांग, तिथे तुझा आवाज गेला तर जाऊ दे. मला वाटतं तू तिथेच रडशील आणि आजीपण रडेल, पदर तिच्याकडे आहेच. मग अडीच वर्षांनी टोबायस त्या उंच इमारतीवरून तारेवर लोंबकळत खाली येतो आणि तिची राख सोडतो ते सांग. उंचीला घाबरणारा तो माणूस, हे सांगायला विसरू नकोस. तार म्हणजे काय, वारा कुठून होता, राख खंय पडली, सगळं विचारेल ती, आणि तुला ठाऊक असेल तेवढं खरं-खरं सांगायचं, ठाऊक नसेल तर पुस्तक उघडून बघायचं. पुस्तक शेजारी ठेव, मैत्रिणीला इतक्यात परत देऊ नकोस.

आणि मग ती विचारणार, ‘आणि तेचो भावस? तो मेलो खंय होतो?’ कॅलेब जिवंत राहिला हे पण सांग. आजी त्याला अस्सल मालवणी शिव्या घालेल, मध्ये बोलू नकोस, घालू दे तिला, आणि तुला सुचल्या तर तूपण घाल.