वाचकांचे प्रश्न : ट्युरिनचे कफन किती जुने?

प्रश्न : गेल्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये ट्युरिनच्या कफनाची पूर्ण आकाराची छापील प्रतिकृती लावली होती. सोबतच्या पत्रकात ‘१९८८ ची कार्बन चाचणी आता खोटी ठरली आहे’ असे म्हटले होते. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माझ्या मुलाच्या मते ते चौदाव्या शतकातले बनावट कापड आहे आणि विषय तिथेच संपतो. त्यातच हे कापड मुळात भारतात विणले गेले, असा एक संदेश मोबाइलवर फिरत आहे. आम्ही काय मानावे?
– एक वाचिका, गोराई

उत्तर : येशूचा मृतदेह ज्यात गुंडाळला असे मानले जाते, ते इटलीतील ट्युरिन शहरात जपलेले वस्त्र म्हणजे हे कफन. कापड किती जुने आहे, त्यावरची प्रतिमा कशी उमटली आणि ती प्रतिमा कोणाची आहे, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. पत्रक आणि आपला मुलगा या दोघांनीही ते एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून आधी ते सुटे करावे लागतील. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते, दुसऱ्याचे अजून पूर्णपणे देता येत नाही आणि तिसऱ्याचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकणार नाही.

सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असे हे लिननचे कापड आहे. त्यावर एका पुरुषाची पुढची आणि मागची अशा दोन फिकट पिवळसर प्रतिमा डोक्याला डोके लागून उमटलेल्या आहेत आणि मनगट, पाय व कूस या ठिकाणी रक्तासारखे डाग आहेत. लेखी इतिहासात हे कापड प्रथम दिसते ते १३५० च्या दशकात, फ्रान्समधील लिरे या लहानशा गावी, जॉफ्रवा द शार्नी या सरदाराने बांधलेल्या चर्चमध्ये. त्याच्या कुटुंबाकडून ते १४५३ मध्ये सव्हॉय राजघराण्याकडे गेले, १५७८ मध्ये ट्युरिनला आले आणि १९८३ मध्ये इटलीचे अखेरचे राजे दुसरे उम्बेर्तो यांच्या मृत्युपत्रान्वये पोपच्या मालकीचे झाले. त्याआधीच्या तेरा शतकांत ते आजच्या तुर्कस्तानातील एडेसा आणि कॉन्स्टँटिनोपल येथे होते, असे मानणारे अभ्यासक आहेत. तेथील वस्त्रांचे आणि प्रतिमांचे उल्लेख खरेच सापडतात. मात्र ती वस्त्रे आणि हे कापड एकच, असे दाखवणारा दुवा मिळालेला नाही.

याच्या खरेपणाबद्दलचा संशय आधुनिक विज्ञानाने किंवा धर्माच्या विरोधकांनी निर्माण केला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पहिली शंका चर्चमधूनच आली. १३८९ मध्ये त्र्वा येथील बिशप पिएर दार्सी यांनी ॲव्हिन्याँचा प्रतिपोप (रोमच्या पोपविरुद्ध उभा राहिलेला दुसरा पोप) सातवा क्लेमेंट याला कळवले की, आपल्या आधीच्या बिशपांनी चौकशी केली होती आणि हे कापड रंगवणाऱ्या चित्रकारालाही शोधून काढले होते. या पत्राचा केवळ मसुदाच उपलब्ध आहे, हा कफनाच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. परंतु क्लेमेंटने १३९० मध्ये कापड दाखवण्यास परवानगी देताना, ही ख्रिस्ताच्या कफनाची केवळ प्रतिकृती आहे असे लोकांना स्पष्ट सांगावे, अशी अट घातली होती आणि तिची नोंद आहे. त्याच शतकातील विद्वान धर्मगुरू निकोल ओरेम यांनीही लिरेच्या कफनाचे उदाहरण धर्मगुरूंकडून होणाऱ्या फसवणुकीसंदर्भात दिले होते. त्यांचा तो मजकूर २०२५ मध्ये अभ्यासकांपुढे आला. दार्सी आणि ओरेम हे दोघेही श्रद्धावान होते. लोकांची फसवणूक होऊ नये ही त्यांची चिंता होती आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला मी मोठे मोल देतो.

आता १९८८ च्या चाचणीकडे वळू. सजीवाच्या शरीरात कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनचे ठरावीक प्रमाण असते. तो मेल्यावर, म्हणजे लिननच्या बाबतीत जवसाचे रोप कापल्यावर, ते ठरलेल्या वेगाने घटत जाते. २१ एप्रिल १९८८ रोजी कापडाच्या एका कोपऱ्यातून अरुंद पट्टी कापण्यात आली आणि तिचे तुकडे ऑक्सफर्ड, झुरिक व ॲरिझोना येथील प्रयोगशाळांना देण्यात आले. प्रत्येक प्रयोगशाळेला मिळालेला तुकडा टपाल तिकिटाएवढा आणि सुमारे ५० मिलिग्रॅम वजनाचा होता. त्याबरोबर वय आधीच माहीत असलेले तीन नमुनेही देण्यात आले आणि त्यांची वये अपेक्षेप्रमाणेच आली. कफनाच्या तुकड्यांचे वय ॲरिझोनात सरासरी ६४६, झुरिकमध्ये ६७६ आणि ऑक्सफर्डमध्ये ७५० कार्बन-वर्षे (कार्बन-१४ वरून काढलेली, कॅलेंडरशी अजून न जुळवलेली वर्षे) भरले. यावरून कापड इसवी सन १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष ९५ टक्के खात्रीने मांडण्यात आला.

या आकड्यांत एक अडचण आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. तिन्ही तुकडे एकाच पट्टीचे असताना ऑक्सफर्ड आणि ॲरिझोना यांच्यात सुमारे शंभर वर्षांचे अंतर पडले, ते मोजमापातील अपेक्षित चुकीपेक्षा जास्त आहे. चाचणीचा समन्वय करणाऱ्या ब्रिटिश म्युझियमकडील मूळ नोंदी २०१७ मध्ये मिळवून काही संशोधकांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडला. आपल्याकडच्या पत्रकाचा आधार बहुधा हाच लेख असावा. परंतु नमुने एकजिनसी नव्हते, म्हणून चाचणी नव्याने करावी, एवढेच त्या लेखातून निघते. कापड पहिल्या शतकातले ठरले, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप रसायनशास्त्रज्ञ रेमंड रॉजर्स यांचा. पट्टी कापलेला कोपरा मध्ययुगात नव्या धाग्यांनी रफू केलेला असावा, त्यामुळे नमुना मूळ कापडाचा नव्हताच, असे त्यांनी २००५ मध्ये मांडले. रॉजर्स यांनी कफनाचा प्रत्यक्ष अभ्यास केला होता, त्यामुळे त्यांचा आक्षेप हलक्याने घेऊ नये. तरी गणित पाहावे लागते. पहिल्या शतकातले लिनन चाचणीत चौदाव्या शतकातले दिसायचे असेल, तर नमुन्यातील ६० टक्क्यांहून अधिक कार्बन अगदी अलीकडचा असावा लागेल. रफू सोळाव्या शतकातले धरले, तर हे प्रमाण आणखी वाढते, म्हणजे नमुन्याचा बराच मोठा भाग रफूचा मानावा लागतो. २००२ मध्ये कापडाच्या जतनाचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, त्या वस्त्रतज्ज्ञ मेश्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग यांना तेथे रफूची खूण दिसली नाही. ॲरिझोनाने राखून ठेवलेल्या तुकड्याच्या २०१० मधील तपासणीतही तसे काही आढळले नाही. हातावरचा मळ, मेणबत्त्यांचा धूर किंवा जिवाणूंचा थर ही कारणे तर एवढ्या कार्बनचा हिशेब देण्यास फारच तोकडी आहेत. २०२२ मध्ये इटलीतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने धाग्याची झीज मोजून तो दोन हजार वर्षे जुना असू शकतो असे म्हटले. ती पद्धत नवी आहे आणि कापड कोणत्या तापमानात, किती ओलाव्यात राहिले याच्या गृहीतांवर अवलंबून आहे. १५३२ च्या आगीत होरपळलेल्या कापडाबाबत अशी गृहीते धरणे अवघड आहे.

म्हणून माझे मत असे की, दुसऱ्या भागातील नमुने घेऊन नवी चाचणी होईपर्यंत कापड मध्ययुगीन मानणे हेच उपलब्ध पुराव्याला धरून आहे. ‘चाचणी खोटी ठरली’ हे वाक्य चर्चमधल्या पत्रकात असू नये.

मात्र ‘विषय तिथेच संपतो’ हेही मला मान्य नाही. १८९८ मध्ये सेकोंदो पिया या वकिलाने कफनाचे छायाचित्र घेतले, तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर त्याला पुसट डागांऐवजी उठावदार, शांत चेहरा दिसला. कापडावर जेथे शरीर जवळ असावे तेथे प्रतिमा गडद आहे, म्हणजे छायाप्रकाश उलटा आहे. १९७८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांच्या पथकाने पाच दिवस कापड तपासले आणि १९८१ मध्ये प्रतिमा रंगाने काढलेली नाही, डाग रक्ताचे आहेत, असा निष्कर्ष दिला. सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांना मात्र त्याच धाग्यांवर लोहयुक्त रंगद्रव्य दिसले आणि ते शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. पिवळेपणा धाग्याच्या अगदी वरच्या तंतूंपुरता आहे. इटलीतील लुइजी गार्लास्केल्ली यांनी २००९ मध्ये मध्ययुगात उपलब्ध असलेल्या साधनांनी बरीचशी तशी प्रतिमा तयार करून दाखवली, तरी मूळ प्रतिमेचे सर्व गुण एकाच वेळी उतरल्याचे सर्वमान्य झालेले नाही. ज्या कोणी हे घडवले त्याच्या हातोटीचा आपल्या मुलाने अवश्य अभ्यास करावा. ‘बनावट’ या एका शब्दात ती मावत नाही.

भारतात विणल्याच्या संदेशाचा उगम २०१५ मधील एका संशोधनात आहे. कापडावरून शोषून घेतलेल्या धुळीतील डीएनए तपासला असता युरोप, पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंड येथील मानवी वंशगटांच्या खुणा मिळाल्या. कापड भारतात विणले गेले असावे, ही त्या संशोधकांनी सुचवलेली केवळ एक शक्यता होती. त्याच धुळीत अमेरिका खंडातील वनस्पतींचाही डीएनए होता आणि तो कोलंबसानंतरच येऊ शकतो. म्हणजे ही धूळ कापडाच्या जन्मापेक्षा ते हाताळणाऱ्यांबद्दलच अधिक सांगते.

आणि प्रतिमा कोणाची? येथे मला आपल्या शेजारच्या सोपाऱ्याची आठवण होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांत सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तुकडे निघाले. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपलेले आहेत. सोबत सापडलेल्या, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या चांदीच्या नाण्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो, पण ते पात्र कोणाच्या हातात होते हे नाणे सांगू शकत नाही. कफनही उद्या पहिल्या शतकातले ठरले, तरी त्यात येशूच गुंडाळला होता हे त्यातून सिद्ध होणार नाही. त्या काळी क्रूसावर मारलेल्यांची संख्या फार मोठी होती.

ख्रिस्तसभेने (कॅथलिक चर्चने) कफन अस्सल असल्याची अधिकृत घोषणा कधी केलेली नाही. १९९८ मध्ये ट्युरिन येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी, हा श्रद्धेचा प्रश्न नसल्याने ख्रिस्तसभेला यात निर्णय देण्याचा विशेष अधिकार नाही आणि तो शास्त्रज्ञांवर सोपवावा, असे सांगितले होते. त्याच भाषणात त्यांनी कफनाला शुभवर्तमानाचा आरसाही म्हटले होते. आपण त्या प्रतिकृतीपुढे गुडघे टेकून दुःखसहनाचे मनन केले असेल, तर त्यात काहीही चुकलेले नाही.

प्रश्न : प्रतिकृतीवर शरीराच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतराने त्रिकोणी ठिगळांसारखे आकार दिसतात. ते कशाचे?
– एक वाचक, माहीम

उत्तर : ती ठिगळेच आहेत. १५३२ मध्ये आजच्या फ्रान्समधील शाम्बेरी येथील चॅपेलला आग लागली, तेव्हा कापड घडी करून चांदीच्या पेटीत ठेवलेले होते. तापलेल्या धातूने घडीचा कोपरा जाळला आणि घडी उलगडल्यावर तेच भोक सर्व थरांवर समान अंतराने उमटले. १५३४ मध्ये क्लेअर संघाच्या जोगिणींनी त्यांवर ठिगळे लावली आणि मागून आधाराचे कापड शिवले. २००२ मध्ये ही ठिगळे काढण्यात आली, त्यामुळे ती दिसत असतील, तर आपल्या चर्चमधील प्रतिकृती त्यापूर्वीच्या छायाचित्रावरून छापलेली आहे.

प्रश्न : इटलीच्या सहलीत मूळ कफन पाहता येईल का?
– एक वाचिका, दादर

उत्तर : एरवी नाही. ट्युरिनच्या कॅथीड्रलमध्ये ते हवाबंद पेटीत आडवे ठेवलेले असते आणि भाविकांना केवळ झाकलेली पेटी दिसते. पोपच्या संमतीने अधूनमधून जाहीर दर्शन ठेवले जाते. २०१० आणि २०१५ मध्ये ते झाले होते. गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाप्रमाणे दर दहा वर्षांनी असा नेम येथे नाही, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी चौकशी करावी. शहरातील कफन संग्रहालय मात्र पाहावे. १८९८ मध्ये कफनाचे छायाचित्र घेणाऱ्या पियाचा लाकडी कॅमेरा तेथे ठेवलेला आहे.