विकसनशील देशांची आरोग्य व्यवस्था सुधारायची तर आधी निधी वाढवावा की व्यवस्थापन सुधारावं? डॅशबोर्डने काही फरक पडतो का?

तुमच्या प्रश्नातला 'डॅशबोर्ड' (सगळ्या केंद्रांचे आकडे एका पडद्यावर दाखवणारा तक्ता) हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. निधीचं नंतर बोलतो.

मी अकरा वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो. औषधवाटपाची खिडकी आणि साठा नोंदवही, दोन्ही माझ्याकडे. त्या काळात वरून नवी गुणपद्धत आली. केंद्राला दरमहा गुण मिळायचे. त्यातला एक निकष असा, की अत्यावश्यक यादीतल्या एकाही औषधाची शिल्लक महिनाअखेर निरंक दिसता कामा नये. हेतू चांगला होता. पण औषध वेळेवर पाठवायची जबाबदारी वरच्या भांडाराची आणि गुण कापले जाणार आमचे! मग आम्ही एक युक्ती काढली. प्रत्येक औषधाची शेवटची पट्टी कपाटात बाजूला ठेवायची, कोणालाही द्यायची नाही. नोंदवहीत शिल्लक १०. वरच्या कार्यालयातल्या डॅशबोर्डवर आमचं केंद्र हिरव्या रंगात, म्हणजे सगळं ठीक.

एकदा फिनोबार्बिटोन हे फिट रोखणारं औषध असंच संपलं होतं. एक बाई मुलासाठी गोळ्या न्यायला आल्या. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, औषधावर होता म्हणून वर्षभर फिट आली नव्हती. आधीच्या खेपांना आमच्याकडे नव्हत्या तेव्हा त्यांनी बाहेरून विकत घेतल्या होत्या, या वेळी पैसे नव्हते. हे औषध एकदम बंद केलं तर काय होतं ते मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "संपल्यात, पुढच्या आठवड्यात बघा." त्या म्हणाल्या, "दादा, आत एकदा बघा ना, थोड्या तरी असतील." मी आत गेलो. पट्टी समोर होती. ती तिथेच ठेवून मी बाहेर आलो आणि नाही म्हणालो.

पाचव्या रात्री त्या मुलाला आमच्याच केंद्रात आणलं. एक फिट थांबायच्या आत दुसरी येत होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मुलगा वाचला. ती पट्टी तेव्हाही कपाटातच होती. सकाळी मी ती त्या बाईंच्या हातात दिली आणि नोंदवहीत पहिल्यांदा निरंक लिहिलं.

पुढच्या आढावा बैठकीत मी उभा राहून म्हणालो की हे औषध आम्हाला दुप्पट हवं. साहेबांनी कागद चाळला. "तुमचा वापर महिन्याला ३०० गोळ्यांचा. मागणीच नाही, तर पाठवू कशाला?"

हिशेब बघा. सहा महिन्यांत आम्ही १,८०० गोळ्या दिल्या होत्या, म्हणून सरासरी ३००. पण त्या सहांपैकी तीन महिने द्यायला काही नव्हतंच. म्हणजे १,८०० गोळ्या तीन महिन्यांत गेल्या आणि खरी गरज महिन्याला ६००. औषध संपलेले दिवस वजा करूनच सरासरी काढायची असते, ही औषध पुरवठ्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. ती केली नाही तर ३०० येतात, पंधरा दिवसांत संपतात आणि पुढच्या खेपेलाही सरासरी ३००च निघते. टंचाईलाच गरज समजलं जातं. त्यात काही रुग्ण हेलपाटे घालून कंटाळतात, यायचेच थांबतात, मग तो आकडाही खाली येतो.

मी हे सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "पण तुमच्या नोंदवहीत तर या महिन्याआधी औषध कधी संपलेलंच नाही." आणि मी गप्प बसलो, कारण ती नोंदवही माझ्याच अक्षरात होती.

म्हणून डॅशबोर्डबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्या आकड्यावर शिक्षा ठरते तो आकडा खोटा येणार. पडदा कितीही देखणा असो, त्यात माझ्यासारख्याच कोणीतरी भरलेली माहिती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आरोग्य व्यवस्थेचे सहा घटक मांडले. त्यात माहिती वेगळी, औषधं वेगळी, निधी वेगळा. समजून घ्यायला ते ठीक आहे, पण आमच्या केंद्रात माहिती बिघडली म्हणून औषध आलं नाही आणि औषध नाही म्हणून माणसं आली नाहीत.

आता निधी. लोकांकडून थोडे पैसे घ्या म्हणजे व्यवस्था स्वतःच्या पायावर उभी राहील, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे साहेबही त्यातलेच. १९८७ मध्ये मालीतल्या बामाको इथे ठरलेल्या उपक्रमानंतर आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी औषधं विकून आलेल्या पैशातून पुढचा साठा आणायचा मार्ग धरला. त्याने काही ठिकाणी कपाटं भरलेली राहिली हे खरं. पण ज्याच्या हातात पैसे नाहीत त्याला भरलेलं कपाट आणि रिकामं कपाट सारखंच. युगांडाने २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं शुल्क रद्द केलं तेव्हा रुग्ण, त्यातही गरीब, मोठ्या संख्येने येऊ लागले. याचा अर्थ गरज आधीपासून होती, नोंदवहीत दिसत नव्हती. 'मागणीच नाही' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वाचावं. गर्दी वाढली तेव्हा औषधं पुरेनात हेही तिथे घडलं, म्हणजे पैसाही लागतोच.

थायलंडच्या २००१-०२ च्या तीस बाट योजनेचं (दर भेटीला फक्त तीस बाट, म्हणजे तिथलं चलन, भरून उपचार मिळायचे) सगळे कौतुक करतात. त्याआधी त्या देशाने काही दशकं जिल्ह्यांतली रुग्णालयं उभी केली, नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली आणि १९८० च्या दशकात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च रोखून तो पैसा खाली वळवला, हे फार कमी जण सांगतात. योजना जाहीर झाली तेव्हा रुग्णाने जायचं कुठे, हा प्रश्न तिथे उरला नव्हता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हा माझ्या खिडकीतून दिसलेला भाग आहे. जिथे युद्ध चालू आहे किंवा जिथे परिचारिकांना पगारच मिळत नाही, तिथे नोंदवहीची गोष्ट फार नंतरची. २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे आफ्रिकी देशांनी अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचं ठरवलं होतं आणि बहुतेक देश तिथवर पोचले नाहीत, तेव्हा निधीचा मुद्दा गौण आहे असं मी म्हणणार नाही. सगळे अधिकारी आमच्या साहेबांसारखे असतात असंही नाही. साठ्याची संगणकीय नोंद नीट वापरली गेली तर उपयोगी पडते, हेही पाहिलंय.

पण तुम्ही पुढे कधी अशा बैठकीत खुर्चीवर असाल आणि कोणी औषधनिर्माता उठून 'औषध पुरत नाही' म्हणाला, तर सरासरी विचारायच्या आधी किती दिवस खिडकीवरून नाही म्हणावं लागलं ते विचारा. आणि ज्या महिन्यात तो नोंदवहीत निरंक लिहील, त्या महिन्यात त्याचे गुण कापू नका.