पुण्याची नोकरी, जळगावचं घर : सुरुवात करणाऱ्यासाठी

भाऊ, पुण्याची नोकरी ठेवून जळगावला घरी राहायचं असेल, तर राजीनाम्याची घाई करू नको. आधी साहेबांसमोर ठोस प्रस्ताव ठेव: तीन महिने जळगावहून काम, ऑनलाइन राहण्याच्या वेळा, ऑफिसला कधी येणार. घरची अडचण थोडक्यात सांग. तुझ्यामुळे कोणतं काम अडणार नाही हे मात्र सविस्तर सांग. होकार मिळाला की ईमेलवर घे. तोंडी कबुलीची किंमत मॅनेजर बदलेपर्यंतच.

आठवड्यातून चारच दिवस काम मागत असशील तर पगारासोबत कामही कमी झालंय का, हे नीट बघ. पगार घटला आणि काम मात्र पूर्वीइतकंच राहिलं, असं होऊ शकतं.

नोकरी सोडून फ्रीलान्सच करायचं ठरलं, तर पीएफ लगेच काढू नको. सलग ५ वर्षं सेवा होण्याआधी काढला तर सहसा कर लागतो. कंपनीचा आरोग्य विमा जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच घे. आधीपासून असलेल्या आजारांना विम्याचं संरक्षण मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वर्षाची एकूण उलाढाल (खर्च वजा न करता) २० लाखांच्या आत असेल तर सेवांवर जीएसटी नोंदणीची सहसा गरज नाही.

वीज किंवा नेट गेलं तरी काम अडू नये म्हणून घरी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हवंच. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अवघड काम सकाळीच उरकावं.

आणि पाहुणे! तू घरी दिसलास की रिकामाच, असं सगळे धरून चालतात. भरीत पार्टीचं आमंत्रण मोडू नको, फक्त रविवारचं ठरव.