झुगझ्वांगला कोंडी म्हणू नका

प्रश्न असा की बुद्धिबळाच्या कॉमेंट्रीत सारखा कानावर येणारा 'झुगझ्वांग' मूळचा कुठला आणि त्याला मराठीत 'कोंडी' म्हटलं तर चालेल का.

नाही चालणार. जरा पोझिशन बिघडली की झुगझ्वांग, वेळ संपत आला की झुगझ्वांग, हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. वेळेच्या टंचाईला जर्मनमधे वेगळा शब्द आहे, त्साइटनोट. आणि कोंडीत हलायला जागाच नसते, झुगझ्वांगमधे जागा असते पण हललं की मेलात, आणि पाळी तुमचीच, पास म्हणायची सोय बुद्धिबळात नाही. पटावर मांडून बघा: पांढरं प्यादं ई४ घरात, राजा एफ५ला, काळं प्यादं ई५ला, राजा डी४ला. प्यादी समोरासमोर अडलेली, म्हणून ज्याची पाळी त्याचा राजा बाजूला होणार, प्यादं जाणार, डाव हरणार.

बुद्धिबळाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्करने हा शब्द बनवला असं छातीठोक सांगतात तेही चूक. त्याने १९०५ साली इंग्रजीत वापरला एवढंच. 'शाखत्साइटुंग' या बुद्धिबळाच्या जर्मन नियतकालिकात तो १८५८ सालीच छापून आलाय, आणि लास्कर जन्मला १८६८ला!

आता व्युत्पत्ती. जर्मन झेड म्हणजे त्स, त्यामुळे उच्चार त्सूक-त्स्वांग. त्स्वांग म्हणजे सक्ती, तो सोडून देऊ. खरी गंमत त्सूकमधे आहे, तो 'त्सीएन' म्हणजे ओढणे या क्रियापदावरून आलाय. म्हणून ओढ, घोट, मिरवणूक, आगगाडी आणि पटावरची चाल, सगळ्याला त्सूकच. आता संस्कृत दश, इंग्रजी टेन, जर्मन त्सेन घ्या, किंवा दन्त, टूथ, त्सान, नाहीतर द्वि, टू, त्स्वाय. जुना द इंग्रजीत ट झाला आणि जर्मनमधे त्स. त्याच वाटेने लॅटिन 'दूकेरे' म्हणजे नेणे, इंग्रजी टग आणि जर्मन त्सूक ही एकाच मुळाची भावंडं, त्या लॅटिनमधूनच पुढे ड्यूक आला, आणि टीमसुद्धा याच घरातली, टीम म्हणजे मुळात गाडीला जुंपलेली जनावरं! मला तर हे कळलं त्या दिवशी रात्रभर झोप नव्हती.

म्हणजे बघा, जर्मन माणूस मोहरं ओढतो आणि आपलं मोहरं स्वतःच्या पायाने चालतं, म्हणून आपली 'चाल'. त्यामुळे मी 'चालसक्ती' म्हणतो. काही जाणकार 'अगतिकता' सुचवतात, पण अगतिक म्हणजे ज्याला गतीच उरली नाही तो, आणि इथे तर गती सक्तीची आहे, म्हणजे अर्थ पार उलटा. चालसक्तीत आणखी एक सुख आहे, चालढकल हा शब्द तिच्या शेजारी ठेवून बघा. त्या ई४-ई५च्या पटावर दोघांनाही फक्त चालढकल हवी असते आणि नेमकी तीच करता येत नाही.