हाताने जोडलेल्या स्प्लिट (दोन भागांच्या) कीबोर्डची तीन बटणं दाबली की चौथं आपोआप उमटतं आणि दोन-चार बटणं मेलेली आहेत. सांगलीत घरीच दुरुस्त होईल का?

होईल. दोन्ही दोष बहुतेक डायोडचेच (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग).

प्रत्येक स्विचला १एन४१४८ डायोड हवा, म्हणजे ४२ बटणांना ४२. बटणं आडव्या ओळी आणि उभ्या रांगांच्या तारांवर जोडलेली असतात; त्यांतल्या आयताचे तीन कोपरे दाबल्यावर चौथं अक्षर उमटत असेल, तर त्यांपैकी एखादा डायोड शॉर्ट झालाय किंवा त्याच्या दोन पायांत डाग (सोल्डर) पसरलाय. मेलेल्या बटणाचा डायोड उलटा असतो, नाहीतर डाग कच्चा. फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) कॉल-टू-रो, म्हणजे उभ्या रांगेकडून आडव्या ओळीकडे ही दिशा असेल तर डायोडवरची काळी पट्टी ओळीच्या तारेकडे हवी. सगळेच उलटे लागले असतील तर काहीही उपटू नका, फर्मवेअरमधली दिशा बदला.

यूएसबी काढून मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवा. काळी प्रोब पट्टीकडे, लाल दुसरीकडे: सुमारे ०.६ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य म्हणजे शॉर्ट.

पत्र्याच्या डागकामाचं आम्लाचं फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) अजिबात वापरू नका. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ते तारा खातं. राळेचं घ्या. आणि दोन भागांना जोडणारी टीआरआरएस केबल (हेडफोनसारख्या गोल पिनेची) यूएसबी चालू असताना कधीच काढू-घालू नका, जॅक सरकताना व्होल्टेज आणि ग्राउंड भिडून कंट्रोलर (कीबोर्ड चालवणारी चिप) जळू शकतो.