पत्रात लढाई का नाही?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या नर्सेसची घरी पाठवलेली पत्रं वाचते आहे. नुसता चिखल, थंडी आणि पायमोजे! लढाई कुठे गेली?

उत्तर : सेन्सॉरच्या कात्रीत, दुसरं काय! ठिकाण, तुकडी, जखमींचा आकडा, काही लिहायची सोय नव्हती. ब्रिटिश सैनिकांचं छापील पोस्टकार्ड तर बघाच. ‘मी अगदी बरा आहे’, ‘इस्पितळात दाखल झालो आहे’ अशा तयार ओळी. नको त्या खोडायच्या. तारीख-सहीखेरीज एक शब्द वाढवला की कार्ड नष्ट. हात जायबंदी असलेल्यांची पत्रं नर्सच लिहायच्या, गेलेल्यांच्या आयांनाही. दिवसभर हे लिहून झाल्यावर स्वतःच्या आईला काय कळवणार? पायमोजेच मागणार हो. मी तरी त्या ओळी दोनदा वाचते.