एका ठोशाचं कलम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप मिळाला. "काका, एकच ठोसा मारला, जेल होईल का?" एवढंच विचारलंस. ज्याला लागलं त्याचं काय झालं, ते लिहिलंच नाहीस, आणि सगळं अडतं तिथेच.

मारामारीची प्रकरणं मी बरीच चालवली. आरोपी पोरगा आपण किती चिडलो होतो ते सांगत बसतो. कोर्ट आधी डॉक्टरांचा जखमेचा दाखला बघतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. ओठ फुटला, गाल सुजला, एवढ्यावर निभावलं तर तिचं कलम ११५(२): १ वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. पोरं इथेच गाफील राहतात. 'नुसती एनसी आहे' म्हणत हिंडतात.

आता ठोसा तोच, जोरही तेवढाच, पण दात तुटला. झाली जबर दुखापत! हाड मोडलं, चेहरा कायमचा विद्रूप झाला किंवा माणूस १५ दिवस असह्य वेदनेत राहिला, तरी तीच. कलम ११७(२), ७ वर्षांपर्यंत कैद, वर दंड. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ३ वर्षांवर कैद देता येत नाही, आणि इतकी जखम होईल याची तुला जाणीव होती हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, हे खरं. कलम जामीनपात्रही आहे. पण गुन्हा दखलपात्र झाला, म्हणजे पोलिसांना आता कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो, आणि तोही एका एक्स-रेवरून, जो तू मारताना कोणीच पाहिला नव्हता.

हातात काही होतं का, हे मला खरं सांग. माझ्यापासून लपवलंस तर उलटतपासणीत ते बाहेर येईल आणि तेव्हा मलाही काही करता येणार नाही. घातक हत्याराने साधी दुखापत केली तरी ११८(१): ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि अजामीनपात्र. म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. त्याच हत्याराने जबर दुखापत झाली, तर कमीत कमी १ वर्ष आणि वर १० वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत. सुरा, कोयताच लागतो असं नाही. ज्याने मारलं तर जीव जाऊ शकतो अशी कुठलीही वस्तू त्यात बसते.

बरोबर कोण होतं? ज्याने हात धरून ठेवला तोही, सगळ्यांचा इरादा एकच होता असं ठरलं, तर कलम ३(५)खाली तुझ्याइतकाच आरोपी. तेव्हा मित्रांना 'मी सगळं अंगावर घेतो' असलं काही कबूल करू नकोस. पहिला हात त्याने उचलला असेल तर तेही सांग. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण बचावापुरताच. तो खाली पडल्यावर घातलेली लाथ त्यात धरत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच पाळ. त्याच्या घरी समजूत घालायला जाऊ नकोस, फोनही करू नकोस. तुझ्या मनात माफी असेल, पण त्याचा वकील त्याला साक्षीदारावर दबाव म्हणेल. तडजोडीला वाव आहे: ११५(२) मध्ये ज्याला लागलं तो स्वतः मिटवू शकतो, ११७(२) मध्ये कोर्टाची परवानगी लागते. मिटवायचं तर ते मी त्याच्या वकिलाशी बोलून, कागदावर करीन.

पासपोर्टचा अर्ज टाकला आहेस ना? खटला उभा राहिला तर तोही अडू शकतो, आणि परदेशी जायला कोर्टाची परवानगी काढावी लागेल. हे आईला मी सांगणार नाही, तू सांग.

येताना एनसीची प्रत, त्या रात्रीचे मोबाईलमधले मेसेज आणि तुला लागलं असेल तर तुझा दवाखान्याचा कागद घेऊन ये. मेसेज पुसू नकोस, लाजिरवाणे असले तरी.

तुझा,
काका